शिबिराचा फलक उतरल्यावर

‘आम्ही शेतात राबणारी माणसं, आम्हाला कसला आलाय बीपी?’ आमच्या बाह्यरुग्ण विभागात हा प्रश्न नेहमी कानावर पडतो. विचारणारा मोहोळ, माळशिरस किंवा अक्कलकोटकडचा शेतकरी असतो, वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. त्याचा समज अगदीच निराधार नाही, कारण अंगमेहनत रक्तदाबासाठी चांगलीच. पण रक्तदाब वाढायला मीठ, तंबाखू, वय आणि आनुवंशिकता ही कारणेही पुरेशी असतात. शिवाय आता नांगरट ट्रॅक्टर करतो, शेतावर मोटारसायकलने जाणे होते आणि विहिरीवरची मोटर घरबसल्या मोबाइलवरून सुरू होते. शेतातले कष्ट उरले आहेत ते बहुतांशी बायकांच्या वाट्याला. त्यांना ‘रोज अर्धा तास चाला’ असे सांगताना मलाच अवघडल्यासारखे होते.

वाढलेला रक्तदाब दुखत नाही, ही खरी अडचण. गुडघा दुखला की माणूस दवाखान्यात येतो, पण रक्तदाब १८० असतानाही तो उसाला पाणी देत असतो. मग एका सकाळी हात उचलत नाही, तोंड वाकडे होते आणि जीप करून त्याला सोलापूरला आणले जाते. तेव्हा कळते की वर्षभरापूर्वी गावातल्या शिबिरात कोणीतरी त्याला ‘प्रेशर जास्त आहे’ असे सांगितले होते. पंधरा दिवसांच्या गोळ्याही मिळाल्या होत्या. त्या संपल्या, त्रास काहीच नव्हता, विषय तिथेच मिटला. तीन एकरांच्या घरात कर्ता माणूस अंथरुणाला खिळला की जनावरे विकली जातात, थोरल्या मुलीची शाळा सुटते. एवढ्या मोठ्या किमतीचा हा आजार रोखायला महिन्याकाठी थोड्याच रुपयांच्या गोळ्या लागतात, आणि सरकारी आरोग्य केंद्रात त्या मोफत देण्याची व्यवस्था आहे.

म्हणून मला शिबिरांविषयी थोडे कडू बोलायचे आहे. मंडप, फलक, पाहुण्यांचे सत्कार आणि शेवटी ‘इतक्या रुग्णांची तपासणी’ अशी बातमी. तपासणी वाईट नाही, पण फलक उतरल्यावर त्या माणसाच्या दारात पुन्हा कोण जाणार, हे ठरलेले नसेल तर तिचा उपयोग फार थोडा. आपल्याकडे प्रतिबंध म्हणजे एक दिवसाचा कार्यक्रम झाला आहे.

तो तसा नसतो, हे शिकायला परदेशात जायला नको, बार्शीपर्यंत गेले तरी पुरे. १९८७ मध्ये बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांसाठी देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी तिथे सुरू झाली. शहरात अशी नोंदणी रुग्णालयांच्या कागदपत्रांवरून करता येते. इथे रुग्ण रुग्णालयात येतच नव्हते, मग नोंदवायचे काय? नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलमधील डॉ. बी. एम. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा मार्ग धरला. कार्यकर्ते ठरावीक काळाने गावोगाव जात, लोकांना जमवून लक्षणे समजावत, कोणाला तशी लक्षणे आहेत का हे विचारत आणि असलेल्यांना तपासणीसाठी बार्शीला आणत. हाताशी मोठे यंत्र नव्हते. तरी काही वर्षांतच गर्भाशयमुखाचा कर्करोग सुरुवातीच्या टप्प्यांत सापडण्याचे प्रमाण वाढल्याचे दिसले. मला वाटते, यात भाषणापेक्षा दोन गोष्टी मोठ्या होत्या: तीच माणसे पुन्हा येत होती, आणि ‘जा’ म्हणून सांगितलेल्या ठिकाणी खरोखर उपचार मिळत होते.

याच रुग्णालयाने टाटा मेमोरियल सेंटर आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांच्याबरोबर १९९९ पासून शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात एक मोठा अभ्यास केला. ३० ते ५९ वयाच्या एक लाख तीस हजारांहून अधिक स्त्रिया त्यात होत्या. ज्या गावांत एचपीव्ही विषाणूची चाचणी आयुष्यात एकदाच झाली, तिथे आठ वर्षांत या कर्करोगाने होणारे मृत्यू चाचणी न झालेल्या गावांच्या तुलनेत जवळपास निम्मे झाले. २००९ मध्ये हे निष्कर्ष ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले आणि जगभरच्या तपासणी कार्यक्रमांनी त्यांची दखल घेतली. आपण घेतली का? पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, ही तपासणी कधी तरी झाली आहे असे सांगणाऱ्या ३० ते ४९ वयाच्या स्त्रिया देशभरात शंभरात दोनही नव्हत्या.

रक्तदाबालाही हाच नियम लागू पडतो. २०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातून सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे पहिल्यांदा घेतले गेले. त्यांचे सूत्र साधे होते. सगळीकडे एकाच पद्धतीचा औषधोपचार, एका वेळी महिनाभराच्या गोळ्या, न आलेल्या रुग्णांची यादी आणि त्यांच्यामागे पाठपुरावा. मुख्य म्हणजे तिथे किती जणांना तपासले यावर काम थांबत नव्हते, किती जणांचा रक्तदाब १४०/९० च्या खाली आला हे मोजले जात होते. आपल्या गावातली आशाताई तिशीवरच्या प्रत्येकाचा फॉर्म भरते. तिच्या कामाची मोजदाद भरलेल्या फॉर्मवर न करता आटोक्यात आलेल्या रक्तदाबावर झाली, तर निम्मे काम होईल.

उरलेले निम्मे घरातले. त्यातले मीठ पहिले. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ घ्या म्हणते, म्हणजे साधारण एक सपाट चमचा, आणि तोही पीठ-भाजी-चटणी सगळे धरून. आमच्याकडे शेंगाचटणी, खर्डा, लोणचे, पापड आणि वर ताटात डावीकडे मिठाची चिमूट. शेंगाचटणी सोडा असे सोलापुरात सांगणारा डॉक्टर टिकणार नाही. मी ती घरी कुटताना मीठ निम्मे करायला सांगतो, आणि ताटातली चिमूट मात्र बंद.

भाकरीबद्दलही एक खुलासा करायला हवा. उजनीचे पाणी आले, ऊस वाढला, रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागला आणि मंगळवेढ्याच्या मालदांडीच्या जिल्ह्यातच ज्वारी मागे पडली. ती पुन्हा ताटात यावी, तिच्यात तंतू चांगले आहेत. पण ‘भाकरी खा, साखर जाईल’ हा मोबाइलवर फिरणारा संदेश वाचून मधुमेहाच्या गोळ्या बंद करू नका. चार भाकऱ्यांनीही साखर वाढतेच.

आणि मिश्री. तंबाखूविरोधी फलकावर सिगारेटचे चित्र असते, पण २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ शंभरात चारही नव्हते. तंबाखूचे कोणत्याही प्रकारे सेवन करणारे मात्र सव्वीसहून जास्त होते. आपला तंबाखू तोंडात असतो. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली मिश्री बायका ‘दात दुखतो म्हणून’, ‘पोट साफ होत नाही म्हणून’ लावतात, आणि लावणारी स्वतःला व्यसनी समजत नाही. ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला ती प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणते. ‘मिश्री लावता का?’ असेच विचारावे लागते. तीच मिश्री गरोदरपणात बाळाचे वजन घटवते आणि पुढे तोंडाच्या कर्करोगाला वाट करून देते. दिवसातून चार वेळा लावणारीने आधी दुपारची सोडावी, मग बाकीच्या. सासू-सुनेने मिळून ठरवले तर सुटते, हे मी पाहिले आहे.

शेवटी ऊसतोडणीचे. दिवाळीच्या सुमारास टोळ्या बाहेर पडतात आणि चार-पाच महिने फडावरच असतात. गावातले उपकेंद्र मागे राहते आणि गोळ्या तुटतात. दसऱ्याच्या आधी गावातल्या अशा प्रत्येक रुग्णाच्या हाती तीन महिन्यांच्या गोळ्या आणि कोणत्याही आरोग्य केंद्रात चालेल असे एक साधे कार्ड पडायला हवे. मुकादमाकडे टोळीतल्या माणसांची यादी असतेच. आरोग्य केंद्राने ती यंदा हंगामाआधी मागून घ्यावी.