बिनतारी चारी आणि आपले पाणी



अजिंठ्याच्या गट कार्यालयासाठी डेटा रेडिओ घ्यावा, हा विषय येत्या वार्षिक सभेपुढे येत आहे. "साहेब, बिनतारी तर पोलिसांकडं असते, आपल्याला काहून?" असे एका वडीलधाऱ्या सभासदाने मला बांधावरच विचारले. प्रश्न रास्त आहे.

गेल्या हंगामातली गोष्ट. अजिंठा शिवारातला एक फड तुटून गेला. आमच्या कारकुनाने संगणकात तशी नोंद केली, पण मोबाईलचे नेट दीड दिवस बंद. इकडे कारखान्यात शेतकी खात्याला तो फड उभाच दिसत होता. दुसऱ्या दिवशी टोळी आणि ट्रॅक्टर पुन्हा तिथेच! नुसते पाचट पाहून मुकादम परत फिरला. आणि ज्याचा ऊस खरोखर तोडायचा होता तो गडी संध्याकाळी माझ्यापुढे उभा. पाणी तोडून वीस दिवस झाले होते. ऊस वाळला की वजन कुणाचे घटते, हे मी त्याला काय सांगणार? आपला मुलूख कपाशी-मक्याचा, ऊस विखुरलेला. एक फेरी वाया गेली म्हणजे अख्खा दिवस गेला.

म्हणून रेडिओ हवाच, असे माझे स्पष्ट मत आहे. पण तो कसा बसवायचा, यावर माझे भांडण आहे.

कार्यालयातल्या संगणकांना जोडणाऱ्या तारेतून माहिती ज्या रीतीने वाहते तिला इथरनेट म्हणतात. डेटा रेडिओ तीच माहिती हवेतून नेतो. दोन्ही टोकांना एकेक डबी आणि उंचावर अँटेना, एवढाच पसारा. मात्र तार सेकंदाला १० कोटी बिट वाहून नेते, आणि लांब पल्ल्याचा अरुंद पट्ट्यावरचा रेडिओ साधारण लाखभर. हजारपट फरक! कालव्याचे पाणी चारीत सोडले तर काय होते, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

हे रेडिओ दोन तऱ्हेने लावता येतात. 'ब्रिज' पद्धतीत एका टोकाला जे येईल ते सगळे पलीकडे ढकलले जाते. संगणक दिवसभर एकमेकांना "हा पत्ता कुणाचा?" अशा हाका घालत असतात, त्या हाकाही अरुंद चारीत शिरतात आणि नोंद मागे खोळंबते. 'राउटर' पद्धतीत दाराशी पाटकरी बसल्यासारखा असतो. ज्याची पाळी त्याचेच पाणी पुढे, बाकी सारे अलीकडेच. आपल्याला ही दुसरी पद्धत हवी. लावायला ती जरा किचकट आहे, म्हणून बसवणारे पहिलीवर भागवतात, आणि बिल दोन्हींचे सारखेच लागते.

त्यातच काहींची सूचना आहे की याच रेडिओवर कॅमेराही जोडावा. माझा साफ विरोध आहे. तोडणीची नोंद दोन-तीनशे अक्षरांची, ती पाहता पाहता जाते. कॅमेऱ्याचे चित्र सगळी चारी एकटे पिऊन टाकील. कॅमेरा हवाच तर ५ गिगाहर्ट्झचा वेगळा रेडिओ घ्या. त्याला मात्र दोन टोकांमध्ये अगदी मोकळी नजर लागते. ती आपल्याकडे नाही, मध्ये डोंगराची सोंड आहे. सोंडेवर एक मधला रेडिओ बसवावा लागेलच. एकाच डबीने घ्यायचे आणि तिनेच पुढे द्यायचे, तर वेग निम्मा होतो, हेही हिशेबात धरा.

परदेशी यादीतला ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झचा माल स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. तो पट्टा अमेरिकेत मोकळा आहे, आपल्याकडे नाही. आपल्या देशात विनापरवाना वापरासाठी ८६५ ते ८६८ हा पट्टा आहे, शक्तीची मर्यादा पाळून.

कुणी म्हणेल, हे सारे आपल्याच डोक्यातून निघाले काय? तसे नाही. वारणेच्या परिसरात १९९८ साली ७० गावांची 'वायर्ड व्हिलेज' योजना सुरू झाली आणि उसाच्या नोंदी गावातल्या संगणकावर आल्या. पुढे तिथेच ७ गावांत ८ महिने संगणकाऐवजी मोबाईलच्या एसएमएसवर काम चालवून पाहिले. ते स्वस्त पडले आणि शेतकऱ्यांना जास्त आवडले. चार ओळींच्या निरोपाने काम भागले! आपल्याकडे मोबाईलच दगा देतो म्हणून रेडिओ. पण थोडके आणि नेमके पाठवावे, हे वारणेचे शहाणपण इथेही लागू आहे.

आता किल्लीचे. रेडिओ येतो तेव्हा त्याचा पासवर्ड कारखान्यातून निघालेला, साऱ्या जगाला माहीत असलेला असतो. तो पहिल्या दिवशी बदलावा, माहिती कुलूपबंद करून पाठवण्याची सोय चालू करावी, आणि मांडणीचा कागद मोहोरबंद पाकिटात कार्यालयात ठेवावा. नाहीतर बसवणारा माणूस गेला की डबी मुकी.

नीट चाललेला रेडिओ महिनाभर पाहून मगच शेवटचा हप्ता द्यावा, अशी दुरुस्ती मी ठरावाला सुचवली आहे. महिना पावसाळ्यातला असावा. कार्यालयापुढचा लिंब तेव्हा पानांनी भरलेला आणि ओला असतो, आणि ओल्या पानांतून रेडिओ फार अडखळतो. लिंब तोडू नका, खांब वाढवा.