सरकारी काम, खाजगी मोबाईल आणि आपली कागदपत्रे

४ नोव्हेंबर २०२५ पासून गोव्यात मतदारयाद्यांची विशेष सखोल फेरतपासणी सुरू झाली. बीएलओ दारोदार फिरले, अर्ज भरून घेतले आणि मोबाईलवरील अ‍ॅपमधून पुढे पाठविले. मागील सखोल तपासणीच्या यादीशी आपले वा आईवडिलांचे नाव जुळते का, हेही पाहिले गेले. पाळीसारख्या गावात पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या घरांना यादीत नाव राहते की जाते याची चिंता वाटली, ती रास्तच होती. परंतु आपला फोटो, जन्मतारीख, घराण्याची नावे ज्या मोबाईलमधून गेली तो मोबाईल कार्यालयाचा होता की कर्मचाऱ्याचा स्वतःचा, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारले?

प्रश्न केवळ निवडणुकीचा नाही. १ जुलै २०२५ पासून अंगणवाडीतून घरी न्यावयाच्या आहारासाठी लाभार्थीचा चेहरा पोषण ट्रॅकर अ‍ॅपवर ओळखून घेणे सक्तीचे झाले. दाखल्यासाठी आधार कार्ड, घरपट्टीची पावती, एक-चौदाचा उतारा ‘व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा’ असे कुणी सांगितले की आपणही निमूटपणे पाठवितो. मग तो फोटो त्या मोबाईलच्या गॅलरीत बसतो आणि तेथून कर्मचाऱ्याच्या खाजगी ईमेल खात्यातही त्याची प्रत आपोआप जाऊ शकते. संध्याकाळी त्याच मोबाईलवर घरातील मुले खेळ उतरवून खेळतात. कर्मचाऱ्याची बदली होते, मोबाईल जुना होऊन विकला जातो. आपली कागदपत्रे मात्र त्यातच राहतात.

कोणी म्हणेल, गावात सगळे एकमेकांना ओळखतात, संशय कशाला? येथे संशय माणसावर नाहीच. लास्टपास ही पासवर्ड सांभाळणारी अमेरिकेतील नावाजलेली कंपनी. २०२२ मध्ये तिच्या एका अभियंत्याच्या घरच्या संगणकातील जुन्या सॉफ्टवेअरच्या फटीतून चोर शिरले, त्याचा मुख्य पासवर्ड टिपला आणि ग्राहकांच्या साठ्यापर्यंत पोहोचले. त्या अभियंत्याच्या मनात काळेबेरे नव्हते. जाणकाराची ही गत, तर तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या सेविकेकडून आपण कोणती तटबंदी अपेक्षितो?

म्हणूनच दोष तिच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. २०२१ मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले, कारण ते नीट चालत नव्हते आणि अ‍ॅप इंग्रजीत होते. साधन निकृष्ट दिले की काम आपसूक खाजगी मोबाईलवर सरकते, हा त्यातला धडा आहे. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही माहितीच्या सुरक्षिततेची जबाबदारी ती गोळा करणाऱ्या संस्थेवर टाकतो. हयगय झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड सांगतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले असून मुख्य कलमे मे २०२७ पासून लागू व्हायची आहेत. तोवर स्वस्थ बसण्याचे कारण नाही.

आपल्या मागण्या साध्या आहेत. कामासाठी चांगला मोबाईल कार्यालयाने द्यावा. ते शक्य नसेल तर खाजगी मोबाईलवर कामाचा कप्पा वेगळा, कुलूपबंद असावा. तो दुरून पुसता यावा, पण घरच्या फोटोंना कार्यालयाने हात लावू नये. कोणत्या मोबाईलवर काम चालते याची नोंद ठेवावी आणि बदली वा निवृत्तीच्या दिवशी माहिती पुसल्याची सही घ्यावी. मोबाईल हरवल्यास ‘संचार साथी’वर तो बंद करता येतो; पण बंद करणे म्हणजे आतील माहिती पुसणे नव्हे, हे ध्यानात असावे.

आणि आपण? कागद शक्यतो कार्यालयात नेऊन दाखवावा. आधारची प्रत द्यायचीच असेल तर पहिले आठ आकडे झाकलेली द्यावी. येत्या ग्रामसभेत एकाने तरी उठून विचारावे : आमची कागदपत्रे कोणाच्या मोबाईलवर आहेत? जमिनीचा कागद आपल्या वाडवडिलांनी पेटीत कुलपात जपला. त्याच कागदाचा फोटो वाऱ्यावर सोडणे आपल्याला शोभत नाही.