उगम म्हणजे नुसते कुंड नव्हे

१९७१ साली लॉरेन मॅकिन्टायर हा अमेरिकी छायाचित्रकार पेरूमधल्या मिस्मी पर्वतावर चढला आणि ॲमेझॉन इथून निघते असे त्याने जगाला सांगितले. २००० साली दुसरी मोहीम उपग्रहांच्या मदतीने चालणारी यंत्रे घेऊन गेली आणि तिने त्याच पर्वतावर शिक्कामोर्तब केले. तरीही २०१४ मध्ये एका नव्या अभ्यासाने हा मान मांतारो नदीला देऊ केला. गंमत अशी, की ते जगप्रसिद्ध अरण्य या उगमांपाशी नाहीच. तिथे अँडीजचे उघडेबोडके माथे आहेत; जंगल येते ते पुष्कळ खाली.

आपल्या भीमेचे नेमके उलट आहे. तिचा जन्मच दाट अरण्यातला. जांभूळ, अंजनी, हिरडा यांची एकात एक गुंतलेली छत्री, फांद्यांवर शेकरू, आणि पावसाळ्यात दिवसच्या दिवस सूर्यदर्शन नाही. तिथून ती निघते ती पंढरपूर-सोलापूरच्या कोरड्या मुलखाकडे, आणि सुमारे ८६० किलोमीटर वाहून कर्नाटकात कृष्णेला मिळते. पुण्याहून सकाळच्या एस.टी.ने निघावे, तर दुपारच्या जेवणाला आपण या उगमापाशी असतो. आपण जातो मात्र दर्शनाला. जावेच. श्रावणात रांग लावावी, तीर्थ घ्यावे. हौशी मंडळी गुप्त भीमाशंकरापर्यंत चालतात, त्यांचेही कौतुकच आहे.

माझे भांडण आहे ते उगमाच्या आपल्या कल्पनेशी. एक कुंड, एक गोमुख, चार पायऱ्या, एवढ्यात आपण नदीचा जन्म बसवतो आणि सुशोभीकरणाच्या नावाखाली त्याभोवती सिमेंट ओततो. पण नदी कुंडातून येत नाही. पाऊस झाडांच्या छत्रीवर फुटतो, पाचोळ्यात जिरतो, मुळांच्या वाटेने कातळाच्या भेगांत शिरतो आणि आभाळ मोकळे झाल्यावर झऱ्याझऱ्यातून सावकाश बाहेर येतो. जंगल उतरवले, की तेच पाणी माती घेऊन धो धो खाली जाते आणि फाल्गुनात ओढ्यात नुसते गोटे दिसतात.

हे कळायला पेरूला जावे लागत नाही. १९७०च्या दशकाच्या आरंभी पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतले डॉ. वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ सह्याद्रीतल्या देवराया धुंडाळत हिंडत होते. तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात, श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावची देवराई तोडली जाण्याच्या बेतात होती. गावकऱ्यांनी या दोघांकडे मदत मागितली. देवीचा कोप होईल एवढेच त्यांचे म्हणणे नव्हते. राई गेली तर गावचा ओढा जाईल, हे त्यांना पक्के ठाऊक होते. मला तर मोहीम म्हटली की हीच आठवते.

भीमाशंकरला १९८५ साली अभयारण्य जाहीर झाले. पण हा विषय आता केवळ शेकरूचा राहिलेला नाही. सह्याद्रीच्या त्याच रांगेत उगवणाऱ्या भामा नदीचे पाणी २०२१ पासून पुण्याच्या पूर्व भागातल्या नळांना येते. आणि ज्या डोंगरांवर ढग रिते होतात, तिथल्या वाड्यांवर चैत्र-वैशाखात टँकर! नळाला पाणी पिणाऱ्या पुणेकराने या हिशेबाकडे काणाडोळा करणे मला तरी शोभत नाही असे वाटते.

म्हणून आपल्या महाविद्यालयांनी सहलीऐवजी उगमाची मोहीम काढावी. सामान फार नको. एक बादली, एक घड्याळ, एक वही. राईतल्या झऱ्याखाली बादली भरायला किती वेळ लागतो आणि उघड्या उतारावरच्या झऱ्याखाली किती, एवढे दर महिन्याला लिहावे. जागा स्वतः निवडू नयेत. तिथल्या महादेव कोळी बायांना विचारावे. कोणता झरा कोणत्या महिन्यात दगा देतो हे हंडा वाहणारीइतके कोणाला माहीत असणार? पहिली फेरी मार्गशीर्षात निघाली तरी चालेल, पण वैशाखात पुन्हा जावे लागेल. आणि तेव्हा पिण्याचे पाणी आपले आपण न्यावे.