पुणे शहरात वस्तूंच्या पुनर्वापराची संयुक्त व कायम व्यवस्था व्हावी, याबाबतचे निवेदन

प्रति,
मा. आयुक्त,
पुणे महानगरपालिका, शिवाजीनगर, पुणे.

प्रत माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी : मा. कुलगुरू, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, मा. कुलगुरू, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ.

विषय : चक्राकार अर्थव्यवस्थेसाठी महानगरपालिका, विद्यापीठे व धर्मादाय संस्था यांचे संयुक्त मंडळ स्थापन करून त्यास जागा, मुदत व निधी यांची तरतूद करण्याबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे पुणे शहराचे रहिवासी असून आमच्यापैकी काही महाविद्यालयांत अध्यापन करतात, काही धर्मादाय संस्थांचा कारभार पाहतात, आणि काही आपापल्या गृहनिर्माण संस्थांत ओल्या-सुक्या कचऱ्याची व्यवस्था लावण्याचे काम वर्षानुवर्षे करीत आले आहेत. शहराच्या अस्वच्छतेची तक्रार करण्यासाठी हे निवेदन नाही. तक्रारींसाठी क्षेत्रीय कार्यालये आहेत आणि तेथे आमचे अर्ज जातातच. ज्या वस्तू आपण कचरा म्हणून टाकतो त्यांतील फार मोठा भाग पुन्हा उपयोगात येण्याजोगा असतो, आणि तो तसा उपयोगात आणण्याचे सामर्थ्य या नगरात विखुरलेल्या स्वरूपात आजही विद्यमान आहे. त्या सामर्थ्याला कायम व्यवस्थेचे अधिष्ठान मिळावे, एवढ्यासाठी ही विनंती आहे.

हे सामर्थ्य कोठून आले, याचे स्मरण येथे करणे आम्हांस आवश्यक वाटते, कारण आमच्या मागण्यांचा आधार तोच आहे. 1990 च्या सुमारास ठाकरसी महिला विद्यापीठाच्या पुण्यातील निरंतर व प्रौढ शिक्षण विभागातील कार्यकर्त्या कचरा वेचणाऱ्या मुलांना अक्षरओळख करून देण्यासाठी वस्त्यांमध्ये जाऊ लागल्या, आणि मुलांच्या मागोमाग त्यांच्या आयांबरोबर पहाटे कचराकुंड्यांपर्यंत गेल्यावर त्यांच्या ध्यानात आले की, घरोघरीच कचऱ्याचे वर्गीकरण झाले तर या स्त्रियांना घाणीत हात घालावा लागणार नाही, त्यांची मिळकत वाढेल आणि नगराचाही भार हलका होईल. या निरीक्षणातून 1993 साली डॉ. बाबा आढाव यांच्या अध्यक्षतेखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. पुढे पंचायतीच्या ओळखपत्रांना महानगरपालिकेने मान्यता दिली, 2002-03 पासून कचरावेचकांच्या आरोग्यविम्याची तरतूद केली, आणि 2008 साली ‘स्वच्छ’ या त्यांच्याच सहकारी संस्थेशी घरोघरचा कचरा गोळा करण्याबाबत पाच वर्षांचा करार केला. विद्यापीठाने पाहिले, संघटनेने बांधले आणि पालिकेने मान्य केले, असा हा क्रम आहे. बहुतांशी दलित समाजातील, ज्यांना रस्त्यावर कोणी नावाने हाक मारीत नसे अशा हजारो स्त्रिया त्यामुळे नगराच्या सेवक म्हणून ओळखल्या गेल्या. आम्हांस या घटनेचा अभिमान वाटतो, आणि पुणेकरांनी तो आजवर पुरेसा व्यक्त केलेला नाही असे आमचे मत आहे.

शास्त्रीय संस्थेचे साहाय्य मिळाले म्हणजे काय साधते, याचाही दाखला याच शहरात सापडतो. प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या गणेशमूर्ती नदीत विरघळत नाहीत, हे सर्वज्ञात आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अशा मूर्तींचे घरच्या बादलीतच अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात विसर्जन करण्याची रीत सिद्ध केली, आणि 2016 च्या गणेशोत्सवात महानगरपालिकेने ते रसायन नागरिकांना उपलब्ध करून दिले. या क्रियेत तळाशी खडूसारखा कॅल्शियम कार्बोनेटचा साका बसतो आणि वर उरलेल्या पाण्यात अमोनियम सल्फेट, म्हणजे झाडांना चालणारे खत, तयार होते. श्रद्धेला बाध न आणता एका घनकचऱ्याचे दोन उपयुक्त पदार्थांत रूपांतर करणारी ही योजना एखाद्या उत्सवापुरती न राहता तिच्यामागची सहकार्याची पद्धत वर्षाच्या बाराही महिन्यांस लागू व्हावी, ही आमची आकांक्षा आहे.

आता जे उणे आहे त्याकडे वळतो. कोणत्याही दिवशी सकाळी दहा-अकराच्या सुमारास एखाद्या रस्त्याच्या कडेला थांबून कचरावेचक स्त्रीचे काम पाहावे. ढकलगाडीतील पोती रिकामी करून ती उकिडवी बसते, आणि पुठ्ठा, रद्दी, पांढरा कागद, दुधाच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, औषधांच्या शिश्या यांचे निरनिराळे ढीग तिच्या हातांखाली होऊ लागतात. बाटलीचे प्लॅस्टिक वेगळे आणि तिच्या बुचाचे वेगळे, म्हणून दोहोंचा भाव वेगळा, हे तिला कोणी शिकवावे लागत नाही. एखाद्या पिशवीविषयी शंका आली तर ती चुरगाळून तिचा आवाज ऐकते आणि जात ठरवते. बिस्किटे व वेफर यांच्या चकचकीत वेष्टनांना मात्र भंगारवाला हात लावीत नाही, कारण त्यांत प्लॅस्टिकचे आणि धातूचे थर एकमेकांना असे चिकटवलेले असतात की ते वेगळे करणे परवडत नाही. इतक्यात पावसाची सर आली की पुठ्ठा भिजतो, भिजलेल्या पुठ्ठ्याचा भाव पडतो, आणि सकाळभरच्या श्रमाचे मोल निम्म्यावर येते. वर छप्पर नाही, हात धुण्यास पाणी नाही, जवळ शौचालय नाही. ज्या चक्राकार अर्थव्यवस्थेवर सभागृहांत परिसंवाद होतात, ती प्रत्यक्षात या पदपथावर चालू असते, आणि तिला दोन गोष्टी हव्या आहेत : बसण्यास जागा आणि भरवशाची मुदत.

म्हणून आमची पहिली मागणी जागेची आहे, आणि तिच्यावर आम्ही सर्वाधिक भर देतो. प्रत्येक प्रभागात पक्क्या छपराचे, पाणी, वीज, शौचालय व तोलकाटा असलेले किमान एक वर्गीकरण केंद्र बांधण्यात यावे, आणि त्यासाठीची जमीन विकास आराखड्यात त्याच प्रयोजनार्थ राखून ठेवण्यात यावी, म्हणजे उद्या दुसरी निकड उत्पन्न झाली तरी ती जागा हलविली जाणार नाही. वर्गीकरणासाठी पुरेशी जागा उपलब्ध करावी आणि कचरावेचकांना तेथे प्रवेश असावा, हे कर्तव्य 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनीच स्थानिक संस्थांवर सोपविले होते. आमची मागणी कायद्याच्या पलीकडची नाही. शहराला जागा मिळत नसेल तर विद्यापीठांच्या विस्तीर्ण आवारांतील एखादा वापरात नसलेला इमला भाडेपट्ट्याने घेण्याची तजवीज व्हावी. उरुळी देवाची व फुरसुंगी येथील ग्रामस्थांनी अनेक वर्षे या शहराचा कचरा, त्याची दुर्गंधी आणि त्यामुळे नासलेले विहिरींचे पाणी सोसले आहे. शहराच्या पोटात वर्गीकरणास जागा न देण्याची किंमत शहराबाहेरच्या माणसांनी मोजावी, हे न्याय्य नाही.

दुसरी मागणी मुदतीची. कचरावेचकांच्या सहकारी संस्थेशी होणारा करार निदान दहा वर्षांचा असावा आणि त्याच्या नूतनीकरणाचा निर्णय मुदत संपण्यापूर्वी एक वर्ष व्हावा. ज्या संस्थेला पुढील वर्षी आपले काम राहील की नाही याची शाश्वती नसते, ती वाहन घेण्यास कर्ज काढीत नाही, यंत्र बसवीत नाही आणि तरुण सभासदांना प्रशिक्षण देत नाही. आणि कोणतेही विद्यापीठ अशा संस्थेसमवेत दीर्घ संशोधनाची आखणी करू शकत नाही.

विद्यापीठांविषयी थोडे स्पष्ट लिहिण्याची परवानगी असावी. कचऱ्यावर प्रबंध पुष्कळ झाले, आणि त्यांतील कित्येक ग्रंथालयांच्या फडताळांत सुस्थितीत आहेत. आमची विनंती अशी की, ज्या वेष्टनांना बाजारात गिऱ्हाईक नाही त्यांची यादी कचरावेचकांनी दरवर्षी करून द्यावी, रसायनशास्त्र व अभियांत्रिकीच्या विभागांनी तीतील एकेक पदार्थ वाटून घ्यावा, आणि ज्यांवर उपाय सापडणार नाही त्यांची नावे महानगरपालिकेने उत्पादकांकडे व शासनाकडे लेखी कळवावीत. या कामी वर्गीकरणाचे प्रत्यक्ष ज्ञान असलेल्या स्त्रियांना विद्यार्थ्यांसमोर अध्यापनासाठी बोलावण्यात यावे आणि अन्य अतिथी व्याख्यात्यांना मिळते तेवढेच मानधन त्यांना देण्यात यावे. चुरगाळलेल्या पिशवीचा आवाज ओळखणाऱ्या बाईचे ज्ञान हे ज्ञानच आहे.

धर्मादाय संस्थांचा वाटा दुरुस्ती व पुनर्वितरणाचा असावा. या शहरात बुधवारी व रविवारी जुना बाजार भरतो, अप्पा बळवंत चौकात वापरलेली पाठ्यपुस्तके हातोहात खपतात, आणि जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण आमच्या आजींच्या काळापासून परिचित आहे. तेव्हा वापरलेली वस्तू घेण्यात कमीपणा मानण्याचे पुणेकरांस कारण नाही. तरीही दर उन्हाळ्यात परीक्षा आटोपून गावी निघालेले विद्यार्थी आपल्या खोल्यांतील गाद्या, बादल्या, टेबले व दिवे वसतिगृहांच्या दारात सोडून जातात, आणि जूनमध्ये आलेले नवे विद्यार्थी त्याच वस्तू दुकानांतून पुन्हा विकत घेतात. परीक्षेनंतरच्या दिवसांत विद्यापीठाने एखादे सभागृह खुले करावे, धर्मादाय संस्थांनी वस्तू स्वीकारून त्यांची निगा राखावी, गाद्यांसाठी पिंजाऱ्यास, सायकलींसाठी सायकलदुरुस्ती करणाऱ्यास आणि उपकरणांसाठी कुशल कारागिरास रास्त मोबदल्याने काम द्यावे, आणि नव्या सत्राच्या आरंभी त्या वस्तू अल्प मूल्यात देण्यात याव्यात. पालिकेने यासाठी वाहन व गोदाम द्यावे; याहून अधिक खर्च तिच्यावर पडेल असे आम्हांस वाटत नाही.

या सर्वांचे सूत्रचालन करण्यासाठी आपल्या अध्यक्षतेखाली एक संयुक्त मंडळ ठरावाने स्थापन व्हावे, त्यात विद्यापीठांचे, धर्मादाय संस्थांचे व कचरावेचकांच्या संघटनेचे प्रतिनिधी समान मताधिकाराने असावेत, आणि अधिकारी बदलले तरी मंडळ टिकावे. कोणत्या प्रभागातून किती माल पुनर्वापरास गेला आणि किती कचरा डेपोवर गेला, याचा हिशेब दरमहा मराठीत प्रसिद्ध व्हावा. पालिकेच्या उद्यानांनी लागणारे खत शहराच्या ओल्या कचऱ्यापासूनच घ्यावे, आणि शाळांच्या बाकांची दुरुस्ती नव्या खरेदीच्या आधी विचारात घ्यावी.

आमची नम्र विनंती आहे की, उपरोक्त मागण्यांवर घनकचरा व्यवस्थापन विभागाचा अभिप्राय मागवून संयुक्त मंडळाचा प्रस्ताव आगामी अंदाजपत्रकापूर्वी मंजुरीसाठी मांडण्यात यावा. वर्गीकरण केंद्रांसाठी स्वतंत्र लेखाशीर्षाखाली तरतूद व्हावी. आणि चर्चेसाठी आम्हांस तसेच कचरावेचकांच्या प्रतिनिधींना एकत्र पाचारण करण्यात यावे. बैठक शक्यतो दुपारनंतर ठेवावी, कारण सकाळच्या वेळी त्या कामावर असतात.

कळावे.

आपले विश्वासू,
पुणे शहरातील निवेदक नागरिक
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे.)