गुडघा सरळ झाला, पण ताण जुळला का?

विलेपार्ल्यात सकाळी फिरून बाकावर टेकलेल्या मंडळींत गुडघ्यांचा विषय निघाला, की हल्ली लगेच ‘कंप्युटरवाल्या’ ऑपरेशनची चर्चा सुरू होते. ऑक्टोबर २००० आणि जून २००१ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचे गुडघे मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी बदलले आणि ही शस्त्रक्रिया घरोघरी माहीत झाली. तेव्हा लोक विचारत, करावी का? आता विचारतात, कंप्युटरने करावी की साधी? त्यासाठी जास्तीचे पैसे मोजायची मुलांची तयारीही असते.

नेव्हिगेशनमध्ये मांडीच्या आणि नडगीच्या हाडांत पिना रोवून त्यांवर खुणा बसवतात. त्या खुणा इन्फ्रारेड कॅमेरा टिपतो. पाय खुब्यातून गोल फिरवला की संगणक खुब्याचा मध्य शोधतो. मग खुबा, गुडघा आणि घोटा एका रेषेत येण्यासाठी हाड किती अंशांत कापायचे, ते पडद्यावर दिसते. साध्या पद्धतीत मांडीच्या हाडाच्या पोकळीत सळई घालून हा अंदाज घेतात. हाडच वाकलेले असेल किंवा जुन्या फ्रॅक्चरची पट्टी, सळई आत असेल, तर हा अंदाज फसतो. तिथे नेव्हिगेशन मोलाचे आहे, यात वाद नाही.

पण गुडघा म्हणजे नुसती हाडे नव्हेत. आपल्याकडे झिजलेले बहुतेक गुडघे बाहेर झुकलेले असतात. अशा पायात आतल्या बाजूचे लिगामेंट आखडते, बाहेरचे सैलावते. चौकट ओळंब्यात बसवली, पण एक बिजागरी घट्ट आणि दुसरी ढिली राहिली, तर दार नीट लागत नाही, तसेच हे. म्हणून सर्जन आधी हाडाच्या वाढलेल्या कडा काढतो. पुष्कळदा तेवढ्यानेच ताण बराच उतरतो. मग लागेल तसे लिगामेंट थोडे थोडे मोकळे करत, पाय सरळ असताना आणि काटकोनात वाकवल्यावर दोन्ही बाजूंची फट सारखी आहे ना, ते तपासतो. संगणक ही फट मिलिमीटरमध्ये सांगेल, पण कुठे थांबायचे हे माणूसच ठरवतो. जास्त सुटलेले लिगामेंट पुन्हा आखडता येत नाही. एक्स-रे अगदी सरळ आणि जिना उतरताना गुडघा दगा देतो, अशी तक्रार अनेकदा इथून सुरू होते. लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीत ही तक्रार किरकोळ नसते.

ऑस्ट्रेलियाच्या सांधेरोपण नोंदवहीवर आधारित २०१५ च्या अभ्यासात ६५ वर्षांखालील रुग्णांत नऊ वर्षांनी पुन्हा ऑपरेशन लागण्याचे प्रमाण नेव्हिगेशनने ६.३ टक्के, त्याविना ७.८ टक्के होते. सर्व वयांचे रुग्ण एकत्र धरले, तर ठोस फरक दिसला नाही. पंचाहत्तरीच्या आजीसाठी कर्ज काढण्याआधी एवढे माहीत असावे. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीवर मर्यादा घातली; नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियम सांध्याची किंमत तेव्हा करांखेरीज ५४,७२० रुपये ठरली. यंत्राच्या शुल्काला मात्र ही मर्यादा लागू नाही.

सर्जनला विचारायचे ते हे : पाय किती वाकडा आहे, मांडीच्या हाडाला बाक आहे का, ताण कसा जुळवणार आणि अशी किती ऑपरेशने तुम्ही केली आहेत? सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात हे यंत्र नसेल, तरी ताण जुळवण्याचे काम ठोकळे आणि हात यांच्या मदतीने वर्षानुवर्षे होत आले आहे. ‘कंप्युटर नाही’ म्हणून ऑपरेशन पुढे ढकलून रोज वेदनाशामक गोळ्या घेणारे मात्र जठर आणि मूत्रपिंडे पणाला लावत असतात.