डोळ्यातला हिरवा उजेड

मागच्या महिन्यात चाचांच्या डोळ्यांची तपासणी झाली. बारा वर्षांची साखर, त्यात नजर अंधुक होऊ लागलेली. डॉक्टरांनी हाताच्या शिरेतून नारिंगी औषध सोडलं आणि निळ्या उजेडात डोळ्याच्या पडद्याचे फोटो काढले. घरी आल्यावर लघवी गर्द पिवळी! चाची घाबरल्या, "कावीळ तर नाही ना झाली?" आधी कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणून आज त्या औषधाविषयी.

त्याचं नाव फ्लुओरेसिन. जर्मन रसायनतज्ज्ञ अडॉल्फ फॉन बायर यांनी ते १८७१ साली तयार केलं. ते निळा प्रकाश शोषून घेतं आणि हिरवा परत देतं. खरी गंमत त्याच्या रेणूच्या बांधणीत आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत गुलाबी होणारं फिनॉल्फ्थॅलीन मुलांनी पाहिलं असेल. ते याचं जणू सख्खं भावंड, पण चमकत नाही. फरक फक्त ऑक्सिजनच्या एका पुलाचा. फ्लुओरेसिनमध्ये या पुलाने दोन कडी घट्ट जखडलेली असतात. त्यांना हलता येत नाही, म्हणून घेतलेली ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते. फिनॉल्फ्थॅलीनमध्ये कडी मोकळी, ऊर्जा हलण्याडुलण्यातच संपते. चमकणारे रेणू घडवणारे आजही हाच हिशेब धरतात. रॉजर त्सिएन यांनी १९८० च्या दशकात अशा रेणूंना कॅल्शियम पकडणारा पंजा जोडला. कॅल्शियम हाती लागलं की चमक बदलते. जिवंत पेशीतली हालचाल दिसू लागली.

डोळ्याची ही तपासणी मात्र अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांची देणगी. नोव्होटनी आणि आल्व्हिस यांनी ती १९६१ मध्ये प्रसिद्ध केली. आधी सुई टोचून घेतली ती आल्व्हिस यांनीच.

पडद्याच्या निरोगी रक्तवाहिन्या हे औषध बाहेर झिरपू देत नाहीत. साखरेने कमजोर झालेल्या वाहिन्यांतून ते गळतं, आणि फोटोत चमकता डाग पसरत जातो. जिथे वाहिनी बंद, तिथे काळोख. चाचांच्या उजव्या डोळ्यात दोन ठिकाणी गळती निघाली. उपचार कुठे करायचा ते त्यावरूनच ठरलं.

त्वचा काही तास पिवळसर दिसते, लघवीचा रंग एखाद-दोन दिवसांत उतरतो. सुईनंतर थोडा वेळ मळमळही होते. क्वचित तीव्र अ‍ॅलर्जी होते, तेव्हा पूर्वी कोणत्या औषधाचा त्रास झाला असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. चाची आता दर तपासणीला सोबत जातात आणि डॉक्टरांच्या आधी स्वतःच फोटो मागून पाहतात.