कानाला न बोचणारे काही

निवृत्त झालो त्या दिवशी शाखेतल्या सहकाऱ्यांनी मला शाल, श्रीफळ आणि खिशात मावेल एवढे गाणी ऐकण्याचे यंत्र दिले. शाल थंडीत उपयोगी पडते, श्रीफळाची दुसऱ्या दिवशी चटणी झाली. यंत्राने मात्र मला जुन्नर, नारायणगाव आणि मंचरच्या दुकानांच्या पायऱ्या झिजवायला लावल्या. यंत्राचा यात काही दोष नाही. दोष त्याच्याबरोबर आलेल्या कानातल्या बोंडांचा. टणक प्लॅस्टिकची ती बोंडे दहा मिनिटांत कान ठणकावीत आणि कूस बदलली की निसटून उशीखाली जात.

मोठ्या आवाजात का ऐकत नाही, असे कोणी विचारील. सौ.ला पाठीच्या दुखण्यामुळे मध्यरात्रीनंतर कुठे डोळा लागतो, आणि माझी झोप नेमकी त्याच सुमारास उडते. एका कादंबरीसाठी मी नारायणगावात, विठाबाईंच्या त्या गावात, तमाशातल्या जुन्या माणसांच्या गप्पा कॅसेटवर उतरवून घेतल्या होत्या. भाच्याने त्या सगळ्या या यंत्रात भरून दिल्या. त्यातला एक म्हातारा ढोलकीवाला बोलता बोलता मांडीवर ताल धरतो, तो ऐकायला मला रात्रच लागते.

तेव्हा शोध सुरू झाला. पेन्शनीत बसेल अशी किंमत, म्हणजे तीन-चारशेच्या आत. आणि तासभर कानात राहिले तरी दुखू नये. एवढीच अट होती. पण दुकानात गेलो की एकच ऐकू येई, ‘काका, ह्याला बास लई भारी आहे.’ बँकेत तीस वर्षे हेच पाहिले. कर्ज घेताना माणूस हप्ता किती ते विचारतो, किती वर्षे ते विचारत नाही. इथेही आवाज केवढा ते सगळे सांगतात, कानात किती वेळ टिकेल ते कोणी सांगत नाही. त्यात हल्ली पुष्कळ मोबाइलना पिनेचे भोकच नसते, त्यामुळे वायरवाली बोंडे दुकानाच्या मागच्या खोक्यात गेली आहेत. घालून पाहू देत नाहीत, ते एका परीने बरोबरच आहे. पण मग चपलेसारखी वस्तू डोळे मिटून घ्यायची म्हणजे काय?

मला मार्ग दाखवला तो मंचरच्या एका लहानशा दुकानातल्या मुलीने. मी अडीचशे रुपयांची रबरी टोपीवाली जोडी परत करायला गेलो होतो. ती म्हणाली, ‘आजोबा, पाकिटात अजून दोन मापाच्या टोप्या असतात, त्या कुठे आहेत?’ त्या मी खोक्यासकट कचऱ्यात टाकल्या होत्या. तिने लहान टोपी लावून दिली, दुसऱ्या हाताने कानाची पाळी जरा वर आणि मागे ओढून बोंड बसवायला शिकवले. दुखणे निम्मे तिथेच गेले. दोन्ही कानांची मापे सारखी नसतात, हेही मला साठी उलटल्यावर कळले.

या टोप्यांचा एक गुण मान्य केला पाहिजे. त्या बाहेरचा गोंगाट अडवतात, म्हणून एसटीत आवाज वाढवावा लागत नाही. आमच्या खोडदला पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. आकाशातली क्षीण कुजबुज टिपायची तर आसपासचा माणसांचा रेडिओ-गोंगाट कमी हवा, हे तिथले पहिले पथ्य. कानाचेही तेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा. ९० डेसिबल झाला की तीच मुदत ४ तासांवर येते. चक्रवाढ व्याज पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. शिवाय वयाबरोबर आधी बारीक, उंच स्वर जातात. आवाज वाढवून ते परत येत नाहीत, नुसता कान दुखतो.

मी खूश होतो. इतका, की तशीच एक जोडी पुतण्याला दिली.

त्याचा ऊस आणि कांदा. पंपाची वीज आठवड्यातले काही दिवस रात्रीची. कुकडीच्या पाण्याने आमच्याकडे ऊस आला, आणि त्या उसात बिबट्या पिले घालू लागला. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे, यावरून काय ते समजावे. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या चारही तालुक्यांनी माणसे गमावली आहेत. वनखाते सांगते, रात्री एकटे जाऊ नका, हातात बॅटरी ठेवा, मोबाइलवर गाणी मोठ्याने लावा. पुतण्या गाणी लावून गेला, पण कानात. शेजारच्या बांधावरून लोक ओरडत होते, कुत्री भुंकत होती. याला काही पत्ता नाही. कोणीतरी बॅटरीचा झोत तोंडावर मारला तेव्हा हा थबकला, आणि वीस पावलांवरून जनावर चारी ओलांडून उसात गेले.

‘नाना, तुमच्या बोंडांनी बाहेरचं खरंच काही ऐकू येत नाही,’ असे तो हसत सांगत होता. मला हसू आले नाही.

तेव्हापासून माझे मत पक्के आहे. कानाला सुखकर म्हणजे नुसते मऊ नव्हे. सोनीने १९७९ साली पहिला वॉकमन काढला तेव्हा त्याला कानयंत्राची दोन भोके आणि एक केशरी बटण होते. ते दाबले की गाणे हळू होऊन शेजारच्याचे बोलणे ऐकू येई. त्याची कानयंत्रे पातळ स्पंजची, कानावर नुसती टेकणारी. तसलीच जुन्या धाटणीची जोडी मला अखेर नारायणगावात साडेतीनशेला मिळाली. तिच्यातून बाहेरचे ऐकू येते, आणि रात्री ‘अहो, पाणी द्या’ ही हाकही. मात्र एसटीत ती कुचकामी. स्पंज वर्षभरात झडतो, सुटा मिळत नाही; सुनेने जुन्या सुती पातळाच्या टोप्या शिवून दिल्या. उत्पादकांनी पाकिटावर बासऐवजी वजन आणि टोपीची मापे छापली आणि दुकानदारांनी सुटे स्पंज ठेवले, तर ग्राहकावर मोठे उपकार होतील. आणि पंपाची वीज दिवसा मिळाली, तर शेतात कानात काय घालावे हा प्रश्नच बराचसा सुटेल. पण ते दुकानात मिळत नाही.

परवा पुतण्याने आपली जोडी तंबाखूच्या डबीत घालून परत आणून दिली. शेतात तो आता मोबाइल बांधावर ठेवून सगळ्या शिवाराला गाणी ऐकवतो. सौ. म्हणाली, ‘ती मला राहू द्या, दुपारच्या कीर्तनाला.’ तिला सर्वांत लहान टोपी लागणार, आणि पुतण्याने पाकीट जपून ठेवले नसावे. आम्ही दोघे डबी पालथी करून शोधतो आहोत.